टाकी, सातबारा आणि हप्ता: एका नगरपरिषदेच्या पाणीयोजनेचं प्रकरण

मुंबई महानगर प्रदेशाच्या कडेला असलेल्या एका ‘ब’ वर्ग नगरपरिषदेची ही हकीकत आहे. त्या काळात मी तिथं हिशेबाच्या कामात सल्लागार म्हणून जात असे. दादरहून लोकल पकडायची, उतरल्यावर रिक्षा, आणि परत येताना अनेकदा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्राधिकरणाच्या कार्यालयात एक फेरी. शहर ओळखू येऊ नये म्हणून नावं, रकमा आणि काही तपशील बदलले आहेत. आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं मात्र तसंच ठेवलं आहे, कारण सगळी गोष्ट त्या नात्यातच आहे. अनुदान योजनेचं नावही याच कारणासाठी घेत नाही.

पार्श्वभूमी

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मेट्रोचे खांब आणि उड्डाणपूल येतात. पण १९७४च्या अधिनियमानुसार १९७५ साली ही संस्था उभी राहिली ती संपूर्ण प्रदेशाचं नियोजन आणि समन्वय करण्यासाठी. प्रादेशिक योजना करणं हे तिचं मूळ काम. पहिली योजना १९७३ची, म्हणजे प्राधिकरणाच्याही आधीची. दुसरी १९९९मध्ये मंजूर झाली, आणि आताची २०१६ ते २०३६ या काळासाठी आहे. त्याच्या जोडीला स्थानिक संस्थांना पायाभूत कामांसाठी कर्ज देण्याची व्यवस्था आहे. प्राधिकरणाचा पैसा प्रामुख्याने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जमिनी भाडेपट्ट्याने देऊन उभा राहिलेला. तिथल्या काचेच्या इमारतींतून आलेला रुपया फिरत फिरत एखाद्या लहान गावाच्या जलवाहिनीत पोहोचू शकतो, हे तिथं काम करणाऱ्यांनाही फारसं जाणवत नसावं.

संविधानाच्या ७४व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवकांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे, असं त्यात आहे. कागदावर ही खरी प्रादेशिक परिषद. व्यवहारात आमच्यासारख्यांचं काम पडतं ते प्राधिकरणाच्या वित्त, अभियांत्रिकी आणि नियोजन विभागांशी, आणि तिथं आपण सदस्य म्हणून नाही, अर्जदार म्हणून जातो. पुढचं सगळं वाचताना ही पायरी ध्यानात असू द्या.

नगरपरिषदेची लोकसंख्या तेव्हा ८० हजारांच्या आसपास होती. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेली कुटुंबं, स्टेशनच्या पूर्वेला सात-सात मजली इमारती, आणि पश्चिमेला जुनं गाव, ज्याच्या नळांना अजून पहाटे साडेचारला पाणी येई.

अडचण

नदीवरून रोज ७० लाख लिटर पाणी उचललं जात होतं. त्यातलं सुमारे ३५ टक्के वाटेतच गळत होतं. उरलेलं माणशी वाटलं तर दिवसाला ५७ लिटर. भुयारी गटार असलेल्या शहरासाठी केंद्राच्या नियमपुस्तिकेतलं प्रमाण १३५ लिटर आहे. नव्या सोसायट्या टँकरवर होत्या आणि एप्रिल-मेमध्ये टँकरचा दर आठवड्याला बदलत असे.

सल्लागार कंपनीने सविस्तर प्रकल्प अहवाल केला: ३० वर्षांनंतरची १ लाख ८० हजार लोकसंख्या धरून रोज २ कोटी ८० लाख लिटरची योजना, खर्च ९६ कोटी. बहुतांश रक्कम राज्याच्या योजनेतून अनुदान म्हणून मिळणार होती. नगरपरिषदेचा स्वहिस्सा होता साधारण १४ कोटी. नगरपरिषदेचं स्वतःचं वर्षाचं सगळं उत्पन्न १६ कोटी. जकात गेल्यापासून मिळणारं सहायक अनुदान पगारातच संपत असे, त्यामुळे त्याकडे बघण्यात अर्थ नव्हता.

नगराध्यक्षांनी सभेत सांगितलं, “स्वहिस्सा प्राधिकरणाकडून कर्ज म्हणून घेऊ, हप्ते बघता येतील.” ठराव एकमताने मंजूर झाला. हप्ते कोण बघणार, हे कार्यवृत्तात कुठेच नव्हतं.

प्रस्ताव परत आला तो दिवस

प्राधिकरणाच्या वित्त विभागातल्या अधिकारी बाईंनी फाइल समोर ठेवली तेव्हा तिच्यावर पेन्सिलीची दोन वर्तुळं होती. पहिलं वर्तुळ ‘वसुली ९५ टक्के’ या आकड्याभोवती. दुसरं एका गट क्रमांकाभोवती.

“मागच्या तीन वर्षांची पाणीपट्टीची वसुली किती आहे तुमची?” त्यांनी विचारलं.

मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लेखापालांकडे. ते म्हणाले, “मॅडम, पंचावन्नच्या आसपास.”

“मग पंच्याण्णव कुठून आलं?”

ते सल्लागाराच्या तक्त्यातून आलं होतं. त्या तक्त्यात प्रत्येक शहराची वसुली ९५ टक्केच असते, हे मला नंतर दुसऱ्या दोन अहवालांत दिसलं. चूक त्याची होती, पण सही आमची होती.

खरा हिशेब असा होता. नळजोडण्या १२ हजार, सरासरी पाणीपट्टी वर्षाला १,८०० रुपये, म्हणजे मागणी २ कोटी १६ लाख. हातात येत होते १ कोटी २० लाख. वीजबिल, तुरटी-क्लोरीन, पगार आणि दुरुस्त्या मिळून खर्च ३ कोटी १० लाख. म्हणजे जुनी योजनाच वर्षाला १ कोटी ९० लाख खात होती आणि ती भर मालमत्ता कराच्या पैशातून पडत होती. नव्या योजनेचं वाढीव वीजबिल १ कोटी ६० लाख आणि कर्जाचा हप्ता व्याजासह सुमारे २ कोटी. सगळं धरून ६ कोटी ७० लाखांचा खर्च, आणि त्याच्यासमोर तेच १ कोटी २० लाख.

हे गणित करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. तरीही ते नगरपरिषदेच्या सभेत, स्थायी समितीत किंवा माझ्याही टेबलावर कुणी मांडलं नव्हतं. अनुदानाची योजना आली की आमच्याकडे सगळ्यांचं लक्ष भांडवली खर्चावर असतं. योजना चालवायला दर महिन्याला पैसे लागतात, हे पहिलं वीजबिल आल्यावर आठवतं.

दुसरं वर्तुळ

गट क्रमांकाचं प्रकरण जास्त गंभीर निघालं. मुख्य संतुलन टाकीसाठी शहराबाहेरची एक टेकडी निवडली होती. उंची उत्तम, पाणी उताराने शहरभर जाईल. सल्लागाराने जागेवर जाऊन समतल मोजलं होतं, सातबारा काढला नव्हता. प्राधिकरणाच्या नियोजन विभागातल्या एका तरुण नगररचनाकाराने आमचा मोजणी नकाशा प्रादेशिक योजनेच्या नकाशावर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, “सर, हा तुकडा वनात दिसतोय.”

सातबारा काढला. इतर हक्कांच्या रकान्यात खाजगी वनाची नोंद होती, खाजगी वनं सरकारजमा करणाऱ्या १९७५च्या कायद्याखालची. ठाणे-रायगड पट्ट्यात अशा नोंदी अनेक सातबाऱ्यांवर आहेत. जमीन कुणी तरी पिढ्यान्‌पिढ्या कसतो, कर भरतो आणि नोंद मात्र तशीच. ती काढणं हा वेगळा, लांबचा रस्ता. नोंद असेपर्यंत तिथं टाकी बांधायची तर १९८०च्या वन संवर्धन कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते. त्यात किती काळ जाईल हे कुणीही सांगू शकत नव्हतं, आणि अनुदानाच्या पहिल्या हप्त्याला मुदत होती.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मुख्याधिकारी बराच वेळ बोलले नाहीत. कुर्ला गेल्यावर एवढंच म्हणाले, “बरं झालं आत्ता कळलं. निविदा निघाल्यावर कळलं असतं तर?”

समोर असलेले पर्याय

पुढच्या महिन्याभरात चार वाटांवर चर्चा झाली.

पहिली वाट म्हणजे प्राधिकरण सोडून हुडको (घरबांधणी आणि नगरविकासाला कर्ज देणारी केंद्र सरकारची संस्था) किंवा बँकेकडे जायचं. तिथं शासनहमी मागतील, व्याज जास्त आणि वसुलीचा प्रश्न तोच. काही नगरसेवकांना वाटत होतं की बँक इतके प्रश्न विचारणार नाही. मला ते त्या पर्यायाविरुद्धचंच कारण वाटलं.

दुसरी, फक्त गळती दुरुस्त करायची. ३५ टक्क्यांवरून गळती २० टक्क्यांवर आणली असती तर माणशी ५७चे ७० लिटर झाले असते. स्वस्त, पण पुरेसं नाही, आणि जमिनीखालच्या जुन्या नळांच्या कामाला नारळ फोडायची संधी नसते. पाणीपुरवठा अभियंता हाच पर्याय आधी करा म्हणून दोन वर्षं सांगत होते. त्यांचं कुणी ऐकलं नव्हतं.

तिसरी, बिल्डरांवर भार टाकायचा. नगररचना अधिनियमाखाली विकास शुल्क घेता येतं आणि ते आपण घेतही होतो, पण ते खातं बांधकामाच्या तेजी-मंदीप्रमाणे हलतं. दहा वर्षांचा हप्ता त्याच्या एकट्याच्या भरवशावर लावणं धोक्याचं.

चौथी, योजना लहान करायची. ही सूचना प्राधिकरणाच्या अभियंत्यांकडून आली. त्यांचं म्हणणं साधं होतं: नळ जमिनीत गाडल्यावर पुन्हा उकरता येत नाहीत, म्हणून जलवाहिन्यांना ३० वर्षांची लोकसंख्या धरा. पण पंप आणि शुद्धीकरण केंद्र १५ वर्षांच्या हिशेबाने बांधा, जागा पुढच्या वाढीसाठी राखून ठेवा. नियमपुस्तिकेतही तसंच आहे. सल्लागाराने सगळंच ३० वर्षांचं धरलं होतं. त्याची फी प्रकल्पखर्चाच्या टक्क्यांत होती हे इथं नोंदवून ठेवतो.

१५ वर्षांनंतरची १ लाख १५ हजार लोकसंख्या धरली तर रोज १ कोटी ८० लाख लिटर पुरत होते. खर्च ६८ कोटींवर आला, स्वहिस्सा १० कोटींवर, हप्ता दीड कोटीवर आणि वाढीव वीजबिल ९० लाखांवर.

चर्चेत कुणीतरी बाहेरच्या देशांत हे कसं करतात ते विचारलं म्हणून मी मिनेसोटाचं उदाहरण सांगितलं होतं. तिथल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल परिसरात १९६७ पासून महानगर परिषद आहे, आणि १९७१च्या कायद्याने शहरांच्या व्यापारी-औद्योगिक करपात्र मूल्यात जी वाढ होते, तिचा ४० टक्के भाग सगळ्यांच्या सामायिक खात्यात जाऊन पुन्हा वाटला जातो. एका शहरात कारखाना आला तर शेजारच्या गरीब शहरालाही थोडं मिळतं. आपल्याकडे तसं नाही. मुंबईत नोकरी करणारा माणूस रात्री झोपायला आमच्या गावात येतो, त्याच्या कार्यालयाचा मालमत्ता कर मुंबईत राहतो आणि त्याची आंघोळ आमच्या वीजबिलात येते. सभागृहात यावर हशा पिकला, पण उपनगराध्यक्षांनी ते वाक्य पुढे दोन भाषणांत वापरलं.

पहिला निर्णय: दर आधी, कर्ज नंतर

प्राधिकरणाने लेखी अट घातली. पाणीपट्टीवाढीचा ठराव झाल्याशिवाय आणि पाणीपट्टीचं स्वतंत्र एस्क्रो खातं, म्हणजे ज्यातून कर्जाचा हप्ता आधी वळता होतो असं राखीव खातं, उघडल्याशिवाय कर्जाचा प्रस्ताव पुढे जाणार नाही. निवडणूक चौदा महिन्यांवर होती.

खरी झुंज इथं झाली. विरोधी गटाचं म्हणणं होतं, आधी पाणी द्या मग दर वाढवा. ते अगदीच चुकीचं नव्हतं. पहाटे साडेचारला उठून तीन बादल्या भरणाऱ्या बाईला जास्त पैसे मागायला तोंड लागतं. सत्ताधाऱ्यांतही निम्मे कचरत होते.

तोडगा पाणीपुरवठा अभियंत्यांनी काढला. दर एकदम न वाढवता दोन टप्प्यांत: १,८००वरून आधी २,४००, मग ३,०००. पहिली वाढ योजनेचा कार्यादेश निघाल्यावर, दुसरी जुन्या गावात गळतीचं काम पूर्ण झाल्यावर. म्हणजे दुरुस्तीचं जे काम दोन वर्षं कुणाला नको होतं, ते आता दरवाढीची किल्ली झालं. शिवाय २१० सोसायट्यांना आधी मीटर. तोवर सोसायटीला नळाच्या व्यासावरून ठोक आकार होता, मग आत चाळीस घरं असोत की नव्वद.

ठराव मतदानाला गेला आणि तीन मतांनी पास झाला. नगराध्यक्ष सभेनंतर चहा पिताना म्हणाले, “प्राधिकरणाच्या पत्राशिवाय हे मला जमलं नसतं. शिव्या त्यांच्या नावावर पडल्या.” पैसे आणि नकाशे यांच्याइतकाच तो आधार महत्त्वाचा होता, आणि कोणत्याही शासन निर्णयात तो लिहिलेला नसतो.

दुसरा निर्णय: शेजारच्या गावाचं पाणी

नवी जागा मिळाली ती टेकडीच्या दुसऱ्या अंगाला, शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीतल्या गायरानात. जिल्हाधिकाऱ्यांकडून सार्वजनिक कामासाठी ती मिळू शकत होती, पण ग्रामसभेचा विरोध अंगावर घेऊन तिथं कुणी जेसीबी नेला नसता. ग्रामसभेने ठराव केला: जागेला हरकत नाही, मात्र आमच्या दोन गावांना याच टाकीतून पाणी पाहिजे. लोकसंख्या सहा हजार.

नगरपरिषदेची पहिली प्रतिक्रिया नकाराची होती. आपल्याच लोकांना पुरत नाही, त्यांना कुठून देणार? ग्रामपंचायतीचं पत्र आमच्या आवक-जावक विभागात पाच आठवडे पडून राहिलं. ही चूक निखालस आमची.

शेवटी प्राधिकरणाने दोघांना वांद्र्याला बोलावलं. बैठकीत वाद पेटला तो लिटरवरून. ग्रामीण नळयोजनांना जलजीवन मिशनचं प्रमाण माणशी ५५ लिटर आहे, शहराला १३५. आमचे अभियंता म्हणाले, नियमाप्रमाणे ५५ देऊ. सरपंचबाई तोवर गप्प बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “साहेब, टाकी आमच्या गुरांच्या चराईवर. कुंपणाच्या अलीकडे माणसाला पंचावन्न आणि पलीकडे एकशे पस्तीस, हे गावात जाऊन मी कोणत्या तोंडानं सांगू?”

कुणाकडेच उत्तर नव्हतं. नियोजन विभागाच्या वरिष्ठांनी मग मधला आकडा सुचवला, माणशी १००, म्हणजे रोज ६ लाख लिटर. एवढं १ कोटी ८० लाख लिटरच्या योजनेत कुठे हरवूनही जाईल. ग्रामपंचायतीने हद्दीवर मीटर लावून घ्यायचा, हजार लिटरला १० रुपये ठोक दर, बिल दर तीन महिन्यांनी. कराराचा मसुदा प्राधिकरणाने करून दिला. आम्ही केला असता तर त्यात नगरपरिषदेचं पारडं जड झालं असतं आणि ग्रामसभेने तो परत पाठवला असता.

काय घडलं

कर्ज मंजूर झालं, टाकी उभी राहिली, योजना ठरल्या वेळेपेक्षा अकरा महिने उशिरा सुरू झाली. त्यातले सात महिने जागा बदलण्यात गेले.

तिसऱ्या वर्षीचा हिशेब असा: जोडण्या १४,५०० झाल्या, वसुली ८१ टक्क्यांवर गेली. पाणीपट्टीतून साडेतीन कोटी, सोसायट्यांच्या मीटरमुळे वरचे ९० लाख, गावांकडून येणं २० लाखांच्या आसपास. खर्च हप्त्यासह साडेपाच कोटी. सुमारे ९० लाखांची तूट राहिली आणि ती विकास शुल्काच्या खात्यातून भागवली जाते. कागदावर हे पूर्ण यश नाही. पण पूर्वी १ कोटी ९० लाखांची तूट होती आणि पाणी ५७ लिटर होतं. आता बहुतेक भागांत १२०च्या वर आहे. जुन्या गावात पाणी सकाळी साडेसहाला येतं.

दरवाढीला मत देणाऱ्यांपैकी काही पुढची निवडणूक हरले. त्याचं कारण दरवाढच होती असं मी म्हणणार नाही, पण ते स्वतः तसंच म्हणतात.

काय वेगळं करता आलं असतं

सातबारा आणि प्रादेशिक योजनेचा नकाशा, दोन्ही सल्लागार नेमण्याआधी बघायला हवे होते. सातबारा तलाठ्याकडून आणायला एक दिवस लागतो. आम्ही सात महिने दिले.

गळतीची तपासणी अहवालाआधी व्हायला हवी होती. मूळ गळती खरी किती हे माहीत नसताना नव्या योजनेचा आकार ठरवणं म्हणजे भोक असलेल्या हंड्याचं माप घेण्यासारखं होतं. अभियंत्यांची जुनी टिपणी फाइलमध्ये होती. ती कुणी उघडली नाही.

ग्रामपंचायतीकडे आम्ही गरज पडल्यावर गेलो. आधी गेलो असतो तर कदाचित ५५ आणि १३५चा वाद कार्यालयात न होता एखाद्या ओट्यावर मिटला असता. किंवा तिथंही पेटला असता, सांगता येत नाही.

सल्लागाराची फी खर्चाच्या टक्क्यांवर ठेवणं बंद करावं, हे मी तेव्हाच्या टिपणीत लिहिलं होतं. पुढच्या निविदेत अट बदलली. त्याच्या पुढच्या निविदेत ती परत जशीच्या तशी आली.

दर तिमाहीचं गावाचं बिल अजून वादात असतं. सरपंचबाई म्हणतात, मंगळवारी वीज जाते तेव्हा पाणी येत नाही, मीटर मात्र हवा मोजत फिरतो. अभियंता म्हणतात, मीटर हवेने फिरत नाही. मागच्या महिन्यात दोघं मिळून मंगळवारी टाकीवर गेले होते. मीटर फिरत होता. आता त्याच्या आधी हवा काढणारी झडप बसवायची ठरली आहे. तिचा खर्च कुणी करायचा, यावर पत्रव्यवहार सुरू आहे.